भोपळा की शेंग

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नांदेडच्या सांख्यिकी कार्यालयातून रेणुकादासला तिथे तात्पुरतं पाठवलं. बायको सौदामिनी शाळेत शिक्षिका, मुलगी विनीता पहिलीत. दोघी नांदेडलाच राहिल्या. "सहा महिन्यांचा तर प्रश्न," असं सांगून हा निघाला. मग दुष्काळ पडला, रजा बंद झाल्या आणि सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. एकट्यानं जेवायची सवय होते म्हणतात. त्याला काही झाली नाही.

कार्यालयात मात्र त्याच्या नजरेचा मोठा बोलबाला. पाऊस आणि विहिरीचं पाणी, पाऊस आणि ज्वारी, काहीही ठिपक्यांनी कागदावर मांडा. दोहोंचं नातं शून्य ते एकच्या मापात किती घट्ट, हे हा नुसतं बघून सांगायचा. शिपाई नागप्पालाही त्यानं युक्ती शिकवली होती. "ठिपक्यांभोवती मनातल्या मनात दोरी गुंडाळायची. भोपळा झाला तर नातं नाही. शेवग्याची शेंग झाली तर पक्कं." मग चहाची पैज लागे, आकडेमोड होई, आणि चहाचा खर्च दर वेळी नागप्पाच्याच गळ्यात पडे.

एका सोमवारी कागद आला: लातूरला कायम राहणार की नांदेडला परतणार, लिहून द्या. राहिलं तर बढती होती. रेणुकादासनं दुपारी विनीताची सगळी पत्रं काढली. घरी जाऊन किती आठवडे झाले ते आडवं, पत्रात किती ओळी आल्या ते उभं, असे सव्वीस ठिपके मांडले. लोक अशा वेळी देवाला कौल लावतात. ह्याचा देव आलेखाच्या कागदात.

"विखुरलेत," तो म्हणाला. "फार तर पॉइंट तीन. काही संबंध नाही."

नागप्पा वाकून बघत राहिला. "साहेब, रागावू नका. मला तर शेंग दिसून राहिली. वरून खाली उतरलेली."

"लावतोस चहा?"

"हाव."

आकडेमोडीला अर्धा तास लागला. उत्तर आलं उणे पॉइंट नऊ. जितके आठवडे जास्त, तितक्या ओळी कमी.

"नातं म्हणजे कारण नव्हे," रेणुकादास सवयीनं बोलून गेला. "पोर मोठी होतेय. अभ्यास वाढलाय."

"असंल," म्हणून नागप्पानं खिडकीकडं तोंड फिरवलं. चहाचं नाव त्यानं काढलं नाही.

रेणुकादासनं आलेख पुन्हा समोर घेतला. गावोगावच्या विहिरींवर कधी न चुकलेली नजर घरच्याच ठिपक्यांवर चुकली होती, आणि ती चुकली नव्हती, त्यानं चुकवली होती.

त्यानं अर्ज पुढं ओढून 'नांदेड' लिहिलं. खाली कारणाचा रकाना होता. तिथे सगळे 'कौटुंबिक अडचण' लिहितात. त्यानं लिहिलं, 'मुलीच्या पत्रात आता तीनच ओळी येतात,' आणि खाडाखोड न करता सही केली.