मागच्या चाकांच्या रेघा

ताईने मागची दोन्ही चाकं काढली, ड्रम उपसले आणि जुने ब्रेक लायनर बाकावर शेजारी शेजारी मांडले. डावीकडचे इतके झिजले होते की रिव्हेटांची डोकी वर आली होती. उजवीकडचे जवळजवळ नवे होते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच डब्यातून काढून बसवलेले. आणि त्या दिवशी बसवणारीही तीच होती.

तिने घाई केली नाही. एखादं यंत्र तिरकं वागलं तर आधी यंत्राकडे बघायचं, मग माणसांकडे, ही वडिलांची, अप्पांचीच शिकवण. उजव्या चाकाचा सिलिंडर अडकला असेल म्हणून तिने तो हलवून पाहिला; तो मोकळा होता. तेलाची नळी कुठे दबली असेल म्हणून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं; नळी धड होती. उरला ॲडजस्टर, म्हणजे लायनर ड्रमपासून किती लांब राहावेत ते ठरवणारं छोटं दातेरी चाक. ते बरंच मागे फिरवलेलं होतं आणि त्याच्या आट्यांवर ग्रीसचा गोळा थापला होता. बोटभर लागतं तिथे ओंजळभर ग्रीस थापणारा माणूस या गॅरेजमध्ये एकच होता.

"रेडिओ, इकडे ये जरा."

धाकट्या भावाला सगळे रेडिओच म्हणत, कारण डोळा उघडल्यापासून त्याचं तोंड चालू असे. तो बडबडतच आला, बाकावरचे लायनर पाहिले आणि गप्प झाला. तेवढ्यावरच ताई काय ते समजली.

"किती दात मागे घेतलास?"

"मोजले नाहीत. अप्पांना गाडी सरळ वाटेपर्यंत घेत गेलो."

गेल्या वर्षी अप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय बऱ्यापैकी सुधारला, बोलणं सुधारलं, डाव्या हातात मात्र पूर्वीची ताकद आली नाही. सपाट रस्त्यावर जपून गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अप्पांनी त्यातलं 'हरकत नाही' तेवढं उचललं. महिन्याभरात ते पुन्हा 'घोरपडी'वर बसले. कडा सोडत नाही म्हणून त्या गाडीला हे नाव पडलं होतं. जुनी जीप, तिला ट्रकसारखी उंच चाकं, दुसऱ्या गाडीचा मागचा आस, घरच्या वर्कशॉपमध्ये वाकवलेल्या पाइपांचा सांगाडा. डोंगरमाथ्यावरच्या टॉवरवर दुरुस्तीवाल्यांना नेणं-आणणं हे तिचं काम. त्या वाटेवर अप्पांखेरीज कुणी गाडी चालवली नव्हती.

"ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते, असं म्हणायचे," रेडिओ खाली बघून सांगू लागला. "मी चालवून बघितली. नाकासमोर जात होती. मग शेजारी बसून बघितलं. ब्रेक दाबताना उजवा हात स्टिअरिंग खाली खेचतो आणि डावा त्याला धरून ठेवत नाही. म्हणून उजवा ब्रेक ढिला केला. डावा जास्त पकडतो, गाडीला थोडी डावीकडे खेचतो. फिटंफाट."

"सांगायचं होतंस त्यांना."

"काय सांगू? गाडी बरी आहे, तुम्ही बिघडलाय?" त्याने हात पुसायचं फडकं उगीचच पिळलं. "ताई, शर्टाची बटणं आई लावून देते त्यांना. ही गाडी तेवढी उरली होती."

"वरच्या खडकावर झऱ्याचं पाणी असतं. उतारावर तिथे ब्रेक दाबला आणि मागचं एकच चाक धरलं तर गाडी आडवी होईल. शेजारी दरी आहे आणि मागे दोन माणसं बसतात."

"इतके दिवस काही झालं नाही ना."

"त्या खडकावर अजून जोरात ब्रेक मारायची वेळ आली नाही, म्हणून."

उद्या सकाळी टॉवरवाले येणार होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ताईने नवे लायनर बसवले. स्प्रिंगा ताणून आकड्यात अडकवल्या, ड्रम चढवले आणि एकेक बाजू जुळवायला घेतली. चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळायचा आणि मग ते नुसतं घासत फिरेल इतका मागे सोडायचा. डाव्या चाकाला जेवढे दात मागे, तेवढेच उजव्याला. उजव्या चाकाशी तिचा हात थांबला. आणखी चार दात मागे घेतले असते तर संध्याकाळी घरात सगळे नेहमीसारखे जेवले असते. तिने पाना काढला आणि ॲडजस्टरच्या भोकाला रबरी बूच लावून टाकलं.

"कुठवर आलं गं?" अप्पा दारात उभे होते. "तेलातली एअर काढायची असेल ना? बसतो मी."

पेडल दाबायला नेहमी अप्पाच बसत. ते चढले. डावा पाय उजव्या हाताने उचलून आत घेतला आणि कुणी पाहिलं नाही असं धरून चालले. ताई गाडीखाली सरकली.

"दाबा."

"दाबलं."

"धरा." तिने निपल सैल केलं. तेलाबरोबर फसफसत बुडबुडे आले. "सोडा."

"तुझा भाऊ आज मुका का झालाय?" वरून अप्पांचा आवाज आला. "स्टेशन लागत नाही वाटतं."

रेडिओ हसला नाही. बुडबुडे संपेपर्यंत ताई 'दाबा', 'सोडा' म्हणत राहिली.

चाकं चढली. आता आवारातली परीक्षा. ती अप्पांनीच घालून दिली होती: ओल्या मातीवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये न्यायची, स्टिअरिंगवरचे हात सोडायचे आणि ब्रेक मारायचा. मागची चाकं पुढच्यांच्या खुणेवरच थांबली तर मातीत दोनच रेघा दिसतात. दोन रेघा पास, चार रेघा नापास, काम पुन्हा उघडायचं. या परीक्षेत त्यांनी आजवर कुणाला माफी दिली नव्हती. फक्त आजारपणापासून ते स्वतः हात न सोडताच ब्रेक मारत, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

अप्पांनी गाडी घेतली, ब्रेक मारला. नाक उजवीकडे वळलं. मातीत चार रेघा.

"ओढतेय," ते म्हणाले. "उजवीकडे. काढ चाक परत."

ताई त्यांच्या खिडकीशी गेली. "अप्पा, एकदा हात सोडून मारा. तुमच्या पद्धतीने."

"मी हात सोडले नाहीत?"

"नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडी मागे घेतली. या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ब्रेक दाबला. घोरपड जागच्या जागी रुतून थांबली.

अप्पा खाली उतरले, वाकले आणि रेघांवरून चालत गेले. दोनच होत्या. दोन्हींची लांबी त्यांनी पावलाने मोजली. परतताना पहिल्या खेपेच्या चार रेघांपाशी ते बराच वेळ उभे राहिले. डाव्या हाताची मूठ वळून बघितली. ती पुरती वळली नाही.

"मग इतके दिवस सरळ कशी जात होती?"

ताईने बाकाकडे पाहिलं नाही, पण लायनर अजून तिथेच होते. अप्पा गेले, दोन्ही हातात घेऊन त्यांनी जाडी चाचपली.

"मी केलं, अप्पा," रेडिओ म्हणाला. "उजवीकडचा ढिला केला."

ते रागावतील म्हणून ताई वाट बघत राहिली. अप्पांनी लायनर ठेवून दिले, एकावर एक, नीट कडा जुळवून.

"मागे माणसं बसतात रे माझ्या," ते म्हणाले. एवढंच. रेडिओने तोंड फिरवून घेतलं.

थोड्या वेळाने अप्पा पुन्हा गाडीशी गेले. चालकाची सीट त्यांनी आपल्या मापाने पत्र्याला बोल्टने पक्की केलेली होती, सरकत नसे. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"चौदाचा पाना दे."

"मी करते, अप्पा."

"पाना दे."

तिने दिला. उजव्या हाताने त्यांनी एकेक नट सोडवला. गंजलेल्या शेवटच्या नटाला वेळ लागला, पण मदतीला कुणी पुढे झालं नाही. सीट पुढच्या भोकांवर सरकवून त्यांनी ती टेकवली.

"बस. पाय पोचतो का बघ."

ताई चढून बसली. ब्रेकवर पाय ठेवला. पेडल टणक होतं. "पोचतो. पण नीट दाबता येत नाही."

"मग अजून एक भोक पुढे घेऊ," अप्पा म्हणाले. "उतर. आणि उद्या मी शेजारी बसेन, खडक कुठून कसा घ्यायचा ते सांगायला. तोंड काही लुळं पडलेलं नाही माझं."