झटक्याची बॅटरी

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा तर दुर्बीण चार तास ताऱ्यांमागे सरकत राहायला हवी. माझी पॉवर बँक धारूरच्या थंडीत दीड तासात मान टाकते. ट्रॅक्टरची बॅटरी मला उचलत नाही. म्हणून काल शेजारच्या शेतातले आश्रुबाकाका घरी गेल्यावर त्यांच्या मक्याच्या कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी काढली. बारा व्होल्टची, अगदी हवी तशी. एका रात्रीत काय होतंय, म्हणून मनाला दटावलं आणि पहाटे ती गुपचूप परत जोडली.

सकाळी पाहिलं, तर रानडुकरांनी अर्धा मका लोळवला होता. आश्रुबाकाका मोडलेली कणसं गोळा करत होते.

"बॅटरी उतरली बग, आरोही. कवाच बदलायची व्हती, मीच कंटाळा केला."

मीही वाकून कणसं उचलू लागले.

"तुला रातच्याला काही घावलं का?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. हात पुसून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"लई झ्याक. रातभर टिकली व्हय तुजी बॅटरी? कोणती हाय?"

"पॉवर बँक," मी म्हणाले.

"मग मला बी तसलीच आणून दे. ही दगाबाज निघाली."