मानेचा आवाज

शर्टाचं वरचं बटण काही निघेना. घड्याळवाला खुर्चीत बसून दोन्ही हातांनी त्याच्याशी झटत होता आणि न्हावी टॉवेल हातात घेऊन मागे उभा होता. एरवी न्हावी हात धुऊन येईपर्यंत हा गडी कॉलर आत दुमडून, डोळे मिटून तयार असायचा.

"काज लहान ठेवलंय शिंप्यानं," घड्याळवाला म्हणाला.

"दे, मी काढतो."

बटण लगेच निघालं. काज चांगलं सैल होतं. न्हाव्याने ते पाहिलं आणि टॉवेल त्याच्या खांद्यांवर टाकला.

दोघांच्या दुकानांत एका भिंतीचं अंतर. तीस वर्षं घड्याळवाला त्या भिंतीपलीकडे डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसला होता, आणि तीस वर्षं त्याची मान धरत होती. दर गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तो ती मोडून घ्यायला यायचा, म्हणून न्हाव्याने त्याचं नाव काटेराव ठेवलं होतं. मान मोडण्यात न्हाव्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा, एक हलका झटका, आणि कट्. तो आवाज ऐकला की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलायचा. आवाज नाही तर आराम नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता, आणि खरं सांगायचं तर न्हाव्याचाही.

मग त्याची लेक मानेपाठीच्या दुखण्यांचे व्यायाम शिकून घरी आली. एकदा सहज दुकानात डोकावली, तर बाप एकाची मान पिरगाळत होता. संध्याकाळी घरी तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"बाबा, मानेतून मेंदूला रक्त जातं, हातापायांच्या नसा जातात. एखादा माणूस खुर्चीतून उठायचाच नाही तुमच्या."

"मग दुखत्या मानेचं लोकांनी करायचं काय?"

"शेकायची. काम करताना अर्ध्या अर्ध्या तासानं वर करायची, खांदे फिरवायचे. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पण हाताला मुंग्या यायला लागल्या, वस्तू हातातून पडायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, तर मग व्यायामही नाही आणि शेकही नाही. ताबडतोब डॉक्टर."

न्हावी घाबरला. पण इतक्या वर्षांचं नाव, गिऱ्हाइकांना नाही कसं म्हणायचं? त्याने त्यातून वाट काढली. हात नेहमीच्या जागी ठेवायचे, मान नुसती कलती करायची आणि कानाशी आपल्याच बोटाचं पेर मोडायचं. कट्. कोणाला पत्ता लागला नाही. उलट लोक म्हणायला लागले, तुझा हात आता हलका झालाय. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, म्हणून तो बोटं पुरवून पुरवून वापरायचा आणि अकरावा आला की उद्या ये म्हणायचा. लेकीला त्याने सांगितलं, मी माना मोडणं सोडलं. ते खोटं नव्हतं, आणि आपल्या हुशारीवर तो मनातून खूश होता.

"आज जरा जोरात मोड," काटेराव म्हणाला. "गेल्या वेळचा आराम चारच दिवस टिकला."

"आणखी काय होतंय?"

"काही नाही. हाताला मुंग्या येतात. बारका स्क्रू चिमटीत राहत नाही. बहीण मागे लागली होती डॉक्टरकडे जा म्हणून. तिला म्हटलं, आपला डॉक्टर भिंतीपलीकडेच आहे. गेलं की मोकळं वाटतं, मग कशाला?"

न्हाव्याला आठवलं, मागच्या गुरुवारी हाच माणूस दुकानाच्या उंबऱ्यावर अडखळला होता आणि त्याने चपलेला शिव्या घातल्या होत्या. त्याआधी चहाचा कप त्याच्या हातातून सुटला होता. दोघं हसले होते, आणि कपाचे तुकडे न्हाव्याने स्वतः झाडून काढले होते.

या माणसाला त्याच्या हातांशिवाय दुसरं काही येत नव्हतं. न्हाव्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. क्षणभर वाटलं, आज मोडल्यासारखं करावं आणि उद्या सांगावं. हात सवयीने उठलेही, आणि काटेरावाने डोळे मिटले.

"डोळे उघड," तो म्हणाला. "आरशात बघ."

"का?"

"बघ तर खरं."

काटेरावाच्या मानेला न शिवता त्याने आपला अंगठा त्याच्या कानाशी नेला आणि दुमडला. कट्.

काटेराव आरशात त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"हा आवाज तुझ्या मानेचा नव्हता कधी," न्हावी म्हणाला. "म्हणजे आधी होता. लेक शिकून आली तेव्हापासून नाही."

"पण मला बरं वाटायचं."

"वाटायचं. म्हणून तर तू कुठं गेला नाहीस. ऊठ, मी दुकान बंद करतो. लेकीला फोन लावतो, ती सांगेल त्या डॉक्टरकडे आत्ताच्या आत्ता जाऊ."

काटेराव उठला नाही. रागावलाही नाही, आणि तेच न्हाव्याला सोसवेना.

"तुझी पोरगी आली त्याला महिने किती झाले?"

त्याने विचारलं आणि पेरांवर मोजायला आपलाच हात वर धरला. अंगठा करंगळीकडे निघाला, मध्येच थांबला, शेजारच्या बोटाला लागला, पुन्हा मागे आला. दोघांनीही ते पाहिलं.

"तूच मोज," काटेराव म्हणाला. त्याने हात न्हाव्याकडे दिला, डोकं मागे टेकलं आणि सवयीने डोळे मिटले.

न्हाव्याने तो हात घेतला. मनातल्या मनात मोजत करंगळीच्या पहिल्या पेरावर त्याने नुसतंच बोट दाबलं. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. शेजारच्या बोटाची तिन्ही पेरं झाली. मधल्या बोटाचं पहिलं झालं. आठव्या पेरावर त्याने जरा जोरात दाबलं.

"मोज की," काटेराव म्हणाला. "सुरू कर."