काळ्या रानातली आठ चाकं

“आबा, साखळी लावू नका! मागं फिरा!”

चिलखती गाडीच्या झाकणातून डोकं बाहेर काढून माझा नवरा धम्मानंद ओरडत होता आणि माझे सासरे, दत्तराव, ऐकल्याचं दाखवतच नव्हते. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या पडीक रानात ती आठ चाकांची गाडी पोटापर्यंत रुतली होती. आबांनी बांधाला ट्रॅक्टर लावला होता आणि त्यांच्यामागून गावातले दहा-बारा जण पँटी वर करून चिखलात उतरलेही होते.

त्यांचं तरी काय चुकलं? भाद्रपदात आमची काळी माती पायातली चप्पलसुद्धा परत देत नाही. इथं कुणाचं वाहन रुतलं की कुणी हाकेची वाट बघत नाही. भावकीत कोर्टकचेरी चालू असली तरी आधी गाडी ओढून काढायची, मग भांडायचं.

पण आज कुणी हात लावायचा नव्हता. बांधावर लष्कराचे अधिकारी उभे होते. बाहेरच्या कुणी नुसता धक्का दिला तरी गाडी नापास, असा नियम होता. मागच्या चाचणीत ती अशाच मातीत अडकली होती. असल्या जमिनीत चाकं कामाची नाहीत, रणगाड्यासारखे पट्टेच हवेत, असं म्हणून गाडीचं काम बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. “आमच्या रानात चालली तर कुठंबी चालंल,” असं सांगून ही शेवटची संधी आमच्या ह्यांनीच मागून घेतली होती.

ह्यांचा त्या गाडीत एवढा जीव का, ते मला ठाऊक होतं. लष्करात हे साधा ट्रक चालवायचे. एकदा पत्र्यातून गोळी आरपार आली आणि शेजारी बसलेला जोडीदार तिथंच गेला. निवृत्तीनंतर ही गाडी बनवणाऱ्या कंपनीत ह्यांनी चाचणीच्या ड्रायव्हरची नोकरी धरली, ती त्या आठवणीपायी. घरचा पंखा दुरुस्त करायला सवड नाही, पण जेवताना ह्या चाकांबद्दल कितीही ऐकून घ्या.

“मी तुझा बाप हाय,” आबा साखळी ओढत पुढं सरकले. “तू गाळात, अन् मी काय बघत बसू?”

“व्हय, बघत बसा! तुमीच बघाया पायजे!”

आबा थबकले, पण साखळी सोडेनात. मग मी पदर खोचून चिखलात उतरले आणि साखळीवर दोन्ही पाय रोवून उभी राहिले.

“नीलम, बाजूला हो.”

“न्हाई होणार. तुमी हात लावला तर त्यांची गाडी नापास व्हईल, आबा. त्यांचं त्यांना निघू द्या.”

सासऱ्यांना मी कधी उलट बोलले नव्हते, निदान तोंडावर तरी नाही. आबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि साखळी खाली टाकली. मागची माणसंही थांबली.

झाकण बंद झालं. चाकांतली हवा आत बसूनच कमी-जास्त करायची सोय ह्या गाडीत होती. टायर हळूहळू थापलेल्या भाकरीसारखे पसरले. इंजिन घुमलं, आठही चाकं सावकाश फिरली, गाडी जराशी उचलली आणि परत खाली बसली.

“गेली,” मागून कुणीतरी म्हणालं.

पुन्हा आवाज चढला. चिखल फचफचत सुटला, पुढची चाकं वर आली, मग मधली, मग सगळी. गाडी बांध ओलांडून सडकेवर उभी राहिली तेव्हा अख्खं रान ओरडत होतं. मी लहान पोरीसारख्या उड्या मारत होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मोठे साहेब टाळ्या वाजवतच खाली आले. “गाडी पास!” ते म्हणाले.

“आता हात लावला तर चालंल का, साहेब?” आबांनी विचारलं.

“लावा की, खुशाल लावा.”

आबा सडकेवर गेले, पण गाडीकडं त्यांनी बघितलंही नाही. खाली उतरलेल्या लेकासमोर ते उभे राहिले आणि चिखलानं भरलेले दोन्ही हात त्यांनी त्याच्या गालांवर ठेवले.

“लय भारी केलंस, धम्मा.”

ह्यांनी तोंड पुसलं नाही. बापाची दहाही बोटं गालांवर तशीच घेऊन हे साहेबांकडं वळले आणि कडक सलाम ठोकला.