स्वच्छ हातांची माणसं

मी महिन्याची असतानाच माझे तळहात जाड आणि पिवळट झाले. रोज कोमट पाण्यात भिजवायचे, दगडानं घासायचे, मलम चोळायचं, तरी वास राहतोच. म्ल्येत बेटावर हा आजार फार जुना. गावात आमचं घर ‘त्या हातांचं घर’ म्हणूनच ओळखतात. माझ्या आईबाबांचे हात मात्र लोण्यासारखे मऊ आहेत.

स्त्येपोनं मला मागणी घातली, तशी त्याची आई फिलाकाकू आमच्या अंगणात हजर झाल्या.

“देसा, तू गुणाची आहेस गं. पण आमच्या घरात असले हात नकोत. माझ्या मावसबहिणीची मुलगी आने बघितलीय त्याला. आपल्यातलीच आहे, हात कसे स्वच्छ!”

माझं डोकंच फिरलं. पिढ्यान् पिढ्या हीच चूक चाललीय. हात बघायचे आणि नात्यातच सोयरीक जमवायची. माझ्या आईबाबांचं लग्नही असंच नात्यात जमवलेलं.

स्त्येपोला घेऊन मी दुब्रोव्निक शहराची बोट पकडली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जनुकातला दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर हात स्वच्छ राहतात, पण दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. स्त्येपोनं तपासायला रक्त दिलं. त्याच्यात दोष नसेल तर आमच्या एकाही मुलाला हा आजार होणार नव्हता.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दोष होता. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मी शक्यता. मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि कागद घेऊन फिलाकाकूंचं घर गाठलं.

“हे त्याच्या बापाकडचं असणार!” त्या फणकारल्या.

“असेल. नाहीतर तुमच्याकडचं. मग आनेकडेही असेल.”

त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन दोनदा वाचला. “मग आता गं?”

“आता मी ठरवणार. मला स्त्येपो हवाय. मुलाला माझे हात आले, तर ते सांभाळायला मला येतं. पण त्याचा हात धरताना आजीनं कचरायचं नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा ‘एकमेकांना शांती द्या’ म्हणाले आणि सगळे हात मिळवू लागले, की सगळ्यांदेखत माझा हात हातात घ्यायचा. जमत नसेल, तर ठेवा तुमचा मुलगा तुमच्यापाशी.”

रविवारी फिलाकाकू आपलं बाक सोडून, अख्खं चर्च ओलांडून माझ्यापर्यंत आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. अंगठ्यानं तळवा चाचपत राहिल्या.

“दुखतो का गं?”

अठ्ठावीस वर्षांत गावात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

“थंडीत चिरतो,” मी म्हणाले. “फार दुखतो, काकू.”