गोमतीच्या कानातले रक्त

मित्रांनो, सरळ बसा आणि नीट ऐका. मी एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र आहे, आणि मला भीती वाटते. पितळ आणि काच यांना कसली भीती, असे म्हणून कोणी हसू नये. ज्याच्या सांगण्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, त्याला भीती वाटलीच पाहिजे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी भिंगे इतक्या निगुतीने घासली की रक्ताच्या एका थेंबातल्या तांबड्या पेशी मला मोजता येत. माझी पहिली वर्षे गुरांच्या एका दवाखान्यात गेली. लांबून लोक येत, माझ्यातून पाहत आणि माझे कौतुक करत. मला त्याचा गर्व होता, हे मी लपवीत नाही.

पुढे माझ्याकडे दुर्लक्ष झाले. माझ्यावर कोणी आवरण घालीना. भिंगावरचे तेल कोणी पुसीना, पुसलेच तर हाताला लागेल त्या फडक्याने. पावसाळ्यात काचेवर बुरशीची जाळी धरली. त्याच दिवसांत चिरगाँवच्या एका म्हशीच्या रक्ताची काचपट्टी माझ्याखाली आली. माझ्यातून धुके दिसले, आणि त्या धुक्याला पाहणाऱ्याने 'काही नाही' असे नाव दिले. चौथ्या दिवशी म्हैस गेल्याचा निरोप आला. तेव्हापासून 'काही नाही' हे दोन शब्द ऐकले की माझा थरकाप होतो.

त्यानंतर डॉक्टर कमलिनी यांनी मला जुन्या सामानाच्या लिलावातून उचलले, अंबाल्याला पाठवून माझी भिंगे दुरुस्त करून घेतली आणि झाँशीत लक्ष्मी गेटजवळच्या आपल्या लहानशा प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसवले.

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. शेजारच्या गल्लीत राधाबाई राहतात. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या झाँशीतले, बाहेर हिंदी आणि घरात जुनी मराठी बोलणारे. त्यांची गोमती नावाची गाय सात महिन्यांची गाभण होती. तिला सडकून ताप भरला, दूध आटले, हिरड्या पांढऱ्या पडल्या. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली असे ठरवून राधाबाईंनी तिला दोन दिवस कैरीचे पन्हे पाजले. तिसऱ्या दिवशी सूनबाई माधुरीने डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी अंगावर गोचीड आहेत का, असे विचारले. राधाबाईंनी ठाम नकार दिला, आणि गाय खरोखरच आरशासारखी स्वच्छ होती. तरीही डॉक्टरांनी कानाच्या टोकाला सुई टोचून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतले. सासू-सून निकालासाठी मागोमाग आल्या.

काचपट्टी रंगवून माझ्याखाली ठेवली गेली. रक्त पसरलेच नव्हते. मध्ये चाळणीसारखी भोके, फुटलेल्या पेशी, कसलेसे कण. मला ओरडून सांगावेसे वाटले की हे रक्त मला वाचता येत नाही, माझ्या भरवशावर काही लिहू नका. पण मला वाचा नाही. डॉक्टरांनी कागद ओढला, लेखणी उचलली. मला चिरगाँवची म्हैस आठवली.

लेखणी टेकली नाही. डॉक्टर पुन्हा माझ्यावर वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मान वर न करता त्यांनी विचारले, "राधाबाई, सकाळी गाईच्या कानाला काय लावलं होतं?"

"हळद आणि तेल. दारात पाहुणा येणार आणि गाय तशीच उभी करायची? आमच्याकडे ती रीत नाही."

"आणि गोचीड?"

"आमच्या गाईला गोचीड होत नाहीत."

माधुरीने पदर बोटाला गुंडाळला. "डॉक्टर जी, वाटीभर निकले थे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी आम्ही दोघींनी वेचून राखेत टाकले. मग गाईला न्हाऊ घातलं."

"माधुरी, तू गप्प बस."

"आई, गप्पच बसले होते. म्हणून तर तीन दिवस गेले."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "राधाबाई, अब्रू तुमची आहे, पण ताप गाईचा आहे."

मग त्या उठल्या, गोठ्यात जाऊन गाईचा कान स्पिरिटने पुसून कोरडा केला आणि नवी काचपट्टी घेऊन आल्या. रंग चढायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी कसा काढला, ते माझे मला ठाऊक. डॉक्टरांनी माझे भिंग खास कागदाने पुसले, काचपट्टीवर तेलाचा थेंब सोडला आणि पाहू लागल्या. काचपट्टीचा एक भाग, दुसरा, तिसरा. सगळ्या पेशी रिकाम्या. विसाव्या भागात एका तांबड्या पेशीत मला ते दोघे दिसले. पेरूच्या बियांएवढ्या दिसणाऱ्या दोन आकृत्या, एका बाजूने निमुळत्या, टोकाला टोक जोडलेल्या. गोचिडाने चावताना सोडलेले परजीवी. ते आत शिरून पेशी फोडत होते.

गोमतीला तासाभरात इंजेक्शन मिळाले. दोन दिवस ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी उठून ती पाणी प्याली, आणि पोटातले वासरूही वाचले.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. माझ्यासारख्या यंत्राला झाकून ठेवा, त्याचे भिंग पदराने पुसू नका. आणि जनावर आजारी पडले तर वैद्यापुढे ते आहे तसेच उभे करा. लाजेने जे धुऊन टाकाल, तेच नेमके मला पाहायचे असते.

पुढच्या आठवड्यात राधाबाई गोठ्यातली कालवड घेऊन स्वतः आल्या. लक्ष्मी गेटच्या भरल्या बाजारातून, शेणाने माखलेली, कानांत गोचीड लोंबत असलेली. कोण काय म्हणाले, ते त्यांनी सांगितले नाही. डॉक्टरांनी शंभर भाग पाहिले. मला पुन्हा ते दोन शब्द ऐकावे लागण्याची भीती वाटली.

"आज दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आज दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. गोचिडांचं औषध देते. दहा दिवसांनी पुन्हा रक्त बघू. न धुता आणा."

राधाबाईंनी दावे हातात घेतले. "अशीच आणीन," त्या म्हणाल्या.