धुतलेले दगड

नवरा गेल्यापासून बाईला रिकामं बसवेना. बसली की घर खायला उठायचं. भांडी घासून झाली, पडदे धुऊन झाले, आता राहिलं गच्चीवरचं पोतं.

पोत्यात नवऱ्याचे दगड होते. तो भूगर्भशास्त्रज्ञ, जन्मभर डोंगर फोडत हिंडला. बाईने जन्मभर टोमणे मारले, "लोकांचे नवरे येताना काहीबाही आणतात, आमचे आणतात धोंडे!" दगड घरात आणायचे नाहीत, परस्पर ऑफिसात न्यायचे, हा तिचा कायदा. शेवटच्या खेपेला पोतं जीपमधून पुढे आलं आणि मागे राहिलेल्या त्याच्यावर अख्खा कडा कोसळला.

लेक विद्यापीठात तेच शास्त्र शिकत होती. बाबांचं अर्धवट काम आपल्या प्रबंधात पुरं करायचं आणि वर त्यांचं नाव घालायचं, एवढा एकच ध्यास पोरीने घेतला होता. ऑफिसातून पोतं तिनेच मागून आणलं. उद्या तिचे सर ते न्यायला येणार होते.

परक्या माणसापुढे असले मातकट दगड ठेवायचे? छे! बाईने बादली, साबण आणि तारेची घासणी घेतली. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळं काहीतरी बारीक. चष्मा खाली घरात राहिलेला. निघता निघेना मेला! तिने जोर लावून घासलं, आणि घासता घासता नवऱ्याशी बोललीही, "शेवटी मलाच धुवावे लागले ना तुमचे धोंडे?" कितीतरी दिवसांनी तिला जरा बरं वाटत होतं.

दुपारी लेक गच्चीवर आली आणि थबकली.

"आई, नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर?"

"पांढऱ्या रंगावर बाबांनी लिहिलेले."

"ते डाग? अगं, ते तर मी घासून..."

लेक मटकन खाली बसली. कुठला दगड डोंगराच्या कुठल्या थरातला, हे त्या नंबरावरूनच कळायचं. बाबांच्या वहीत सगळ्या नोंदी होत्या, पण कुठली नोंद कुठल्या दगडाची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. परत जाऊन आणावेत, तर तो कडाच राहिला नव्हता.

बाईने हातातली घासणी खाली टाकली. "काहीतरी खूण असेल ना गं? एवढं शिकलीस तू."

पोरीने एक दगड उचलला, फिरवून पाहिला, ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"सगळे काळेच आहेत, आई. मला नाही ओळखता येत."

"मग कुणाला येतील? सरांना?"

"बाबांना आले असते. नुसते हातात घेऊन."

बाई ओल्या दगडांकडे बघत राहिली. मग तिला दुसरंच काहीतरी कळलं.

"म्हणजे ते त्यांचं अक्षर होतं," ती म्हणाली. "शेवटचं लिहिलेलं. आणि मी साबण लावून घासलं गं!"